नवा चेनसॉ घेतलाय, आता पुढे काय?

मागच्या अंकात मध्यम चेनसॉ निवडायचा कसा यावर लिहिलं होतं, त्यानंतर आलेल्या पत्रांत निवडीबद्दल फार कुणी विचारलं नाहीये, बहुतेकांनी मशीन घेऊन टाकलंय आणि आता रनिंगमध्ये कसं बसवायचं (म्हणजे नवं इंजिन सुरुवातीला नीट मुरवायचं, रन-इन), ताकद कशी वाढवायची हे विचारलंय. मध्यम म्हणजे इथे साधारण ४५ ते ६० सीसी धरा, नारळ-आंब्याच्या बागेला, सरपणाला, वादळात पडलेल्या झाडांना पुरतं तेवढं. सगळी पत्रं घेता आली नाहीत, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : काका, आठ दिवस झाले ५८ सीसीचं मशीन घेऊन, २२ इंची बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) आहे. दुकानदार म्हणाला पहिले दोन तास नुसतं स्लोवर चालू ठेवा मग कापायला घ्या. गावातला मेकॅनिक म्हणतो पहिल्या पाच लिटर पेट्रोलला लिटरमागे १०० मिली ऑइल टाका, इंजिन जन्मभर टिकेल. मशीनच्या पुस्तकात २५:१ लिहिलंय आणि ऑइलच्या बाटलीवर ५०:१. कुणाचं ऐकू? (एक बागायतदार, गुहागर)

उत्तर : दादा, पहिलं म्हणजे ते दोन तास स्लोवर ठेवायचं सोडून द्या. नव्या इंजिनात बसायचं असतं ते मुख्यतः पिस्टनची रिंग आणि सिलिंडरची भिंत. रिंगला भिंतीवर दाबून धरतो तो जळलेल्या गॅसचा दाब, तो रिंगच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो, आणि हा दाब मिळतो इंजिनावर लोड आला की. स्लोवर लोडच नाही, मग रिंग बसणार कशी, वर अर्धवट जळलेलं ऑइल पिस्टनवर आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काळं होऊन साचत राहतं.

याच्या उलट दुसरी खोड म्हणजे मशीन हातात आलं की हवेतच फुल रेस देऊन आवाज ऐकायचा. ही त्याहून वाईट, कारण लोड नसताना इंजिन सगळ्यात जास्त आरपीएमला जातं आणि नव्या इंजिनात घर्षण आधीच जास्त असतं. स्टिल कंपनीच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे की पहिल्या तीन टाक्या लोडशिवाय हाय रेस देऊ नका, आणि इंजिनाची पूर्ण ताकद ५ ते १५ टाक्यांनंतर येते. म्हणजे आत्ता तुम्हाला मशीन थोडं जड, थोडं मंद वाटत असेल तर ते तसंच असायचं, त्यावरून मशीनला नावं ठेवू नका.

मी सगळ्यांना एकच सांगतो, लाकडात फुल रेस, हवेत रेस नाही. लाकडात अर्ध्या रेसवर कुरवाळत कापणं पण चुकीचं आहे बरं का, कारण क्लच सेंट्रिफ्युगल असतो, इंजिन जोरात फिरलं तरच तो चेन फिरवणाऱ्या ड्रमला घट्ट धरतो, अर्ध्या रेसवर लोड दिला की तो घसरतो आणि तापतो. तेव्हा मशीन चालू करून अर्धा-एक मिनिट गरम होऊ द्या, सहा-आठ इंची फांद्या किंवा सरळ वासे घ्या, बार लाकडाला लावताना रेस पूर्ण दाबा, मशीनच्या वजनाने कापू द्या, वरून जोर देऊ नका, आरपार झालं की लगेच रेस सोडा. मोठा कट झाला की मशीन एकदम बंद न करता वीस-तीस सेकंद स्लोवर राहू द्या म्हणजे फ्लायव्हीलच्या पंख्याची हवा सिलिंडरमधली उष्णता काढून नेते. पहिल्या तीन टाक्या दीड-दोन फुटी बुंध्याच्या नादी लागू नका. पहिली टाकी संपली की मशीन गार झाल्यावर सगळे स्क्रू एकदा पान्याने बघा, सायलेन्सरचे बोल्ट तर नक्कीच, ते तापून-गार होऊन हमखास सैल होतात.

आता ऑइल. लिटरला १०० मिली म्हणजे १०:१ झालं, हे अजिबात नको. जास्त ऑइल म्हणजे इंजिनाला जास्त संरक्षण असं वाटतं, पण कार्ब्युरेटरच्या जेटमधून (बारीक भोकातून) जाणारं मिश्रण तेवढंच असतं, त्यात ऑइल वाढलं की पेट्रोल तेवढं कमी होतं. पेट्रोल कमी म्हणजे मिश्रण लीन, आणि लीन म्हणजे जास्त गरम. शिवाय प्लग ओला, कार्बन जास्त, धूर डोळ्यात. आता पुस्तकात २५:१ आहे ना, मग वॉरंटी आहे तोवर २५:१ च ठेवा, लिटरला ४० मिली. बाटलीवरचं ५०:१ म्हणजे ऑइलवाला सांगतोय की माझं ऑइल एवढं कमी टाकूनही चालतं, इंजिनवाल्याला काय हवंय ते इंजिनाच्या पुस्तकात. स्टिल, हुस्क्वर्नावाल्यांनी कंपनीचंच ऑइल वापरलं तर ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली. कुठलंही प्रमाण धरा पण एकच धरा, आणि कार्ब्युरेटर त्याच मिश्रणावर लावून घ्या. मोजायला मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणा, बाटलीच्या झाकणाने मोजू नका.

ऑइल घेताना डब्यावर जॅसो एफडी (टू-स्ट्रोक ऑइलचा जपानी दर्जा) लिहिलंय का बघा, निदान एफसी तरी हवं. आणि किनाऱ्यावरच्या मंडळींना मुद्दाम सांगतो, होडीच्या आउटबोर्ड मशीनचं टीसी-डब्ल्यू-३ ऑइल घरात असतं म्हणून ते चेनसॉत टाकू नका, ते पाण्याने गार होणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलं आहे, आपलं मशीन हवेने गार होतं आणि खूप जास्त तापतं.

खरी काळजी ऑइलपेक्षा पेट्रोलची आहे आणि याबद्दल कुणी विचारतच नाही. आता आपल्याकडे पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल. बऱ्याच चेनसॉच्या पुस्तकात १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो म्हणून त्याला हवा कमी लागते. १ किलो शुद्ध पेट्रोल जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, ई-१० ला १४.१, ई-२० ला साडेतेराच्या आसपास. कार्ब्युरेटरला हे कळत नाही, तो पूर्वीएवढंच इंधन सोडतो आणि पूर्वीएवढीच हवा घेतो, म्हणजे न सांगता मिश्रण लीन झालं. कारमध्ये सेन्सर असतो तो सांभाळून घेतो, साध्या चेनसॉत तो सेन्सर म्हणजे तुमचा कान. महागातलं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरलं म्हणजे इथेनॉल गेलं असंही समजू नका, ऑक्टेन आणि इथेनॉल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून एच स्क्रू. कार्ब्युरेटरला तीन स्क्रू असतात, एल स्लोचा, एच हाय रेसचा, आणि तिसरा टी किंवा एलए, तो स्लोचा वेग ठरवतो. मशीन नीट गरम करा, चेन धारदार आहे, फिल्टर साफ आहे याची खात्री करा, मग दोन-तीन सेकंदच फुल रेस द्या आणि ऐका. (होय, वर मी हवेत रेस नको म्हटलं, ही एवढी एक वेळ सोडून, आणि तीही पहिल्या तीन टाक्यांनंतर.) आवाज स्वच्छ, बारीक, किंचाळल्यासारखा येत असेल तर मिश्रण लीन आहे, लगेच थांबा. आवाज थोडा फुटका, बडबडल्यासारखा, याला फोर-स्ट्रोकिंग म्हणतात, तो यायला हवा, आणि बार लाकडात गेला की तोच आवाज स्वच्छ व्हायला हवा. लाकडातही फुटकाच राहिला तर मिश्रण जास्त रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. एच स्क्रू डावीकडे फिरवला की रिच, उजवीकडे लीन, आणि एका वेळी आठवा भाग फेरा, त्याहून जास्त नाही. स्लोवर चेन फिरत असेल तर टी स्क्रू थोडा कमी करा, स्लोवर चेन स्थिर असलीच पाहिजे. आठ-दहा टाक्यांनी इंजिन मोकळं झालं की आरपीएम आपोआप वाढतो, तेव्हा हे सगळं पुन्हा एकदा ऐकून लावायचं.

हे मी एवढं लांबवून का लिहितोय, तर ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं त्यानंतर आमच्या दापोली तालुक्यात माड आणि पोफळी आडव्या झाल्या होत्या, रस्ते बंद, लाइट नाही, आणि मी नवं कोरं मशीन घेऊन त्यात उतरलो. पहिल्या दिवसापासून मोठे बुंधे, ऑइल अंदाजाने ओतलेलं, आवाज बारीक येत होता तर मला वाटलं मस्त रेस घेतंय. दुसऱ्या दिवशी दुपारी पिस्टन चिकटला. सायलेन्सर काढून बघितलं तर एक्झॉस्टच्या बाजूला पिस्टनवर उभे ओरखडे, बोटाला लागतील असे. शेजारच्या घराच्या छपरावर माड पडलेला तसाच राहिला आणि आम्ही कोयतीने, करवतीने दोन दिवस काढले. तो बारीक आवाज मी अजून विसरलो नाहीये.

प्रश्न : नवीन चेन दहा-दहा मिनिटांनी सैल होतेय, बारमधून खाली लोंबते. डुप्लिकेट चेन दिली असं वाटतंय. बदलून मागू का? (राधानगरी)

उत्तर : थांबा भाऊ, नवी चेन सैल होतेच. तिच्यात शंभरावर रिव्हेटचे सांधे असतात, प्रत्येक सांध्याचा खडबडीतपणा घासून निघतो, प्रत्येकी केसाएवढा, आणि सगळं मिळून चेन लोंबते. पहिल्या अर्ध्या तासात तीन-चार वेळा ताणावी लागली तर काही चुकलेलं नाहीये. चार-पाच टाक्यांनंतरही तसंच चालू राहिलं तर मग बारचं ऑइल पोचतंय का ते बघा, चेनला दोष नंतर द्या.

नवी चेन घातली की मी तिला आदल्या रात्री बार ऑइलमध्ये भिजत ठेवतो, एका जुन्या डब्यात, म्हणजे ऑइल रिव्हेटच्या आत जातं. सकाळी बसवून दोन-तीन मिनिटं हलक्या रेसवर फिरवायची, गार होऊ द्यायची, ताणायची, मग कापायला घ्यायची. ताणताना बारचं टोक हाताने वर उचलून धरा आणि तसंच धरून नट आवळा, टोक खाली असताना आवळलं तर पहिल्या कटालाच सैल होणार. बरोबर ताण म्हणजे चेन बारच्या खालच्या बाजूला चिकटलेली आणि ब्रेक सोडून हाताने ओढली तर सहज फिरतेय, हातमोजा घालून.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, गरम चेन ताणली असेल तर काम संपल्यावर परत सैल करायची. गार होताना चेन आखडते आणि तशीच ठेवली तर क्रँक आणि बेअरिंगवर रात्रभर ताण राहतो.

प्रश्न : आमच्याकडे सगळे बारच्या टाकीत गाडीचं जळकं ऑइल टाकतात, फुकट मिळतं. बार ऑइल महाग पडतं. खरंच फरक पडतो का? (सत्तरी, गोवा)

उत्तर : पडतो. जळक्या ऑइलमध्ये इंजिनातून आलेले धातूचे कण असतात, ते बारीक कानशीसारखे बार आणि चेन दोन्ही घासतात, आणि ऑइल पंपाचा छोटा वर्म गिअर असतो तो पण खराब करतात. दुसरं म्हणजे बार ऑइलला चिकटपणा मुद्दाम दिलेला असतो, चेन वळणावर वेगाने फिरते तेव्हा साधं ऑइल उडून जातं. तिसरं कारण माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं आहे, ते उडलेलं ऑइल तुमच्या अंगावर, नाका-तोंडात जातं, आणि वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये कॅन्सर करणारे पदार्थ असतात हे सिद्ध झालेलं आहे. रोज काजूच्या, माडाच्या बागेत काम करणाऱ्या गड्याला हे द्यायचं का, तुम्हीच बघा.

बार ऑइल नसेल मिळत तर नवं, कोरं ३० नंबरचं इंजिन ऑइल वापरा, चिकटपणा कमी पण स्वच्छ असतं. ऑइल येतंय का बघायला बारचं टोक एखाद्या कापलेल्या पांढऱ्या बुंध्यासमोर चार बोटं लांब धरून थोडी रेस द्या, ऑइलची बारीक रेघ उमटली पाहिजे. पेट्रोलची टाकी संपते तेव्हा ऑइलची टाकी पण जवळपास संपायला आली पाहिजे. ती अर्धी भरलेली राहत असेल तर बारचं भोक भुशाने बुजलंय.

प्रश्न : सर, ५८ सीसी मशीनच्या दहाएक टाक्या झाल्या. व्हिडिओ बघून ठरवलंय की सायलेन्सर मोठा करायचा, सिलिंडरखालचं गॅस्केट काढायचं, मोठा कार्ब्युरेटर बसवायचा आणि २४ इंची बार टाकायचा. कुठून सुरुवात करू? (संगमेश्वर)

उत्तर : भाऊ, हौस कळते आणि मशीनवर जीव आहे हे पत्रावरून दिसतंय म्हणून सरळ सांगतो, सुरुवात दुसऱ्या टोकाने करा. एक साधा प्रयोग आधी. एकाच ओंडक्याच्या चकत्या पाडा, मोबाइलवर वेळ लावून, आत्ता जशी चेन आहे तशी. मग चेनला व्यवस्थित धार लावा, रेकर (दाताच्या पुढचा उंचवटा, दात लाकडात किती खोल जाईल ते ठरवतो तो) बघा, आणि पुन्हा त्याच ओंडक्यावर वेळ घ्या. जो फरक दिसेल तेवढा फरक सायलेन्सर फोडून कधी मिळणार नाही. बोथट चेनने भुसा पिठासारखा पडतो, धारदार चेनने जाड कीस पडतो, नखाएवढा. इंजिन कितीही फिरलं तरी लाकूड दात कापतो.

मग बार. २४ नको, आहे त्यापेक्षा लहान करा. या ५८ सीसीच्या मशीनना २२ इंची बार देतात कारण दुकानात उठून दिसतो, पण चेन जेवढी लांब तेवढं घर्षण जास्त, धार लावायला दात जास्त, आणि टोकापर्यंत ऑइल पोचायला वेळ. १८ इंची बार टाकला तर तेच मशीन वेगळं वाटायला लागतं, वजन पण पुढे झुकत नाही, कंबर वाचते. दोन्ही बाजूंनी कापलं तर अडीच फुटी बुंधा १८ इंचीत आरामात होतो. घेताना पिच (चेनच्या कड्यांमधलं अंतर), गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी) आणि ड्राइव्ह लिंक (त्या कड्यांची संख्या) तिन्ही जुळवा. या मशीनना बहुतेक .३२५ पिच आणि .०५८ गेज असतं आणि १८ इंचीला साधारण ७२ लिंक लागतात, पण तुमच्या बारवर छापलेलं वाचूनच चेन मागा. लॅमिनेटेड पट्ट्यांचा बार असेल तर पुढच्या वेळी सॉलिड बार घ्या, टोक बदलता येणारा, वाकत नाही.

तिसरं, स्प्रॉकेट, म्हणजे चेन ओढणारं दातेरी चाक. साधं चांदणीचं असेल तर रिमवालं बसवा, त्यात झिजलेली रिंग तेवढी बदलता येते. दोन चेनमागे एक रिंग, झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन घातली तर चेन वाया. आठ दातांची रिंग घालून वेग वाढवायचा मोह होईल, तो नको, वेग वाढतो पण ओढ कमी होते, आणि आपल्याकडचं लाकूड ओढ मागतं. माडाचा बाहेरचा भाग इतका कठीण असतो की चांगली धार अर्ध्या तासात जाते, सागातही सिलिका असते.

चौथं, पुढचे लोखंडी काटे, बंपर स्पाइक म्हणतात. प्लॅस्टिकचे किंवा एकच बारीक काटा असेल तर मोठे बसवा. ते बुंध्यात रोवून मशीन फिरवत नेता येतं, हातावरचा भार बराच कमी होतो. आणि दोन-तीन प्लॅस्टिकच्या पाचरी घ्या. लाकडाची पाचर पण चालते, लोखंडाची मात्र नको, चेन लागली तर दात गेले.

एवढं झाल्यावरही इंजिनाला हात लावायचाच असेल तर सायलेन्सरबद्दल खरं सांगतो. कंपनीचा सायलेन्सर कोंडलेला असतो हे बरोबर आहे, तोंड थोडं मोठं केलं तर मशीन मोकळा श्वास घेतं आणि थोडी ताकद वाढते. पण वाढलेल्या हवेला पेट्रोल पण वाढवून द्यावं लागतं, म्हणजे एच स्क्रू उघडावाच लागतो. लोक भोक पाडतात आणि स्क्रू तसाच ठेवतात, त्यात ई-२०, आणि महिन्याभरात मशीन दुकानात पिस्टन चिकटून. आतली ठिणगीची जाळी काढून टाकतात ते तर कृपा करून करू नका. एप्रिल-मेमध्ये आपल्या डोंगरावरचं गवत कसं असतं माहीत आहे ना, एका ठिणगीत वणवा. आवाज मुळातच ११० डेसिबलच्या आसपास असतो, तो अजून वाढवून कान घालवायचे कशाला. आणि वॉरंटी गेली ती वेगळीच.

गॅस्केट काढायचं तर नावच काढू नका. पिस्टन वर आला की त्याच्या आणि हेडच्या मध्ये जेमतेम अर्धा-एक मिलीमीटर जागा असते, गॅस्केट गेलं की ती कमी होते, वर पोर्टचं (सिलिंडरमधल्या हवा-धुराच्या भोकांचं) टायमिंग पण सरकतं. मोजमाप न करता केलं तर पिस्टन हेडला ठोकतो. मोठा कार्ब्युरेटर पण नको, सिलिंडरचे पोर्ट तेवढेच असताना नुसता कार्ब्युरेटर मोठा केला तर स्लो बिघडतो, रेस उचलताना मशीन गुदमरतं.

प्रश्न : मी मिशिगनमध्ये राहते, घरामागे मेलेली ॲशची झाडं आहेत, सरपणासाठी ५० सीसीचा चेनसॉ घेतला. त्याला स्क्रूच नाहीत, सगळं इलेक्ट्रॉनिक आहे. मग रन-इन करायचं की नाही? (एक वाचक, मिशिगन, अमेरिका)

उत्तर : करायचं, ताई. स्टिलचं एम-ट्रॉनिक किंवा हुस्क्वर्नाचं ऑटोट्यून असेल तर मिश्रण मशीन स्वतः लावून घेतं, पण रिंग बसवायचं काम कॉम्प्युटर करत नाही, ते तुमच्या पहिल्या दहा टाक्याच करणार. ऑटोट्यूनला शिकायला पण लाकूडच लागतं, गरम झाल्यावर चार-पाच मिनिटं फुल रेसवर ओंडके कापले की ते जुळवून घेतं, हवेत रेस देऊन नाही.

तुम्हाला एक सोय आहे जी आम्हाला सहज मिळत नाही, तुमच्याकडे बिनइथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि ऑइल मिसळलेले सीलबंद डबे पण. महाग पडतात पण वर्षातून चार वेळा मशीन काढणाऱ्याने तेच वापरावं. आणि तुमच्याकडची ॲश त्या एमराल्ड ॲश बोरर किड्याने मेलेली असणार, २००२ मध्ये तो डेट्रॉइटच्या भागातच पहिल्यांदा सापडला होता. अशी वाळलेली ॲश फार ठिसूळ होते, कापताना वरची फांदी अचानक डोक्यावर येते. उभं झाड पाडायला जाणकार माणूस बोलवा, आडवं झालं की मग तुमचं मशीन.

प्रश्न : दादा, आमच्या जुन्या हापूसच्या झाडांची पुनरुज्जीवनासाठी छाटणी करायची आहे म्हणून मध्यम चेनसॉ घेतला. गडी म्हणतो फुल चिझल चेन आणा, तीच जोरात कापते. धार आम्हीच लावायची ठरवलंय. (देवगड)

उत्तर : ताई, फुल चिझलच्या दाताचा कोपरा चौकोनी असतो, स्वच्छ मऊ लाकडात ती खरंच जोरात जाते, पण धूळ लागली की कोपरा लगेच बसतो. जुन्या आंब्याची साल म्हणजे माती, शेवाळं, बांडगूळ, कधी कुणी मारलेला खिळा. सेमी चिझल घ्या, कोपरा गोल असतो, थोडी हळू पण धार टिकते.

कानस पिचवर ठरते. .३२५ ला ४.८ मिलीमीटरची गोल कानस. दाताच्या आतून बाहेरच्या बाजूला, पुढे ढकलताना दाब, मागे आणताना उचलून, कोन ३० अंश, तो दातावरच रेघ मारलेला असतो. सगळ्यात बोथट दात शोधा, त्याला जेवढे हात लागले तेवढेच सगळ्यांना द्या, नाहीतर चेन एका बाजूला वळून कापते. तीन-चार वेळा धार झाली की रेकर चपट्या कानशीने थोडा खाली घ्या, दाताच्या टोकापेक्षा ०.६५ मिलीमीटर खाली. गेजपट्टी विकत मिळते, ती लावूनच करा, अंदाजाने जास्त घासलं तर चेन लाकडात घुसते आणि मशीन अंगावर उसळतं.

आता ज्याच्यासाठी तुमचं पत्र निवडलं ते. मध्यम चेनसॉ घेऊन झाडावर चढायचं नाही, चढू द्यायचं नाही. वर काम करायला लहान, टॉप हँडलचं मशीन किंवा लांब दांड्याची करवत वेगळी असते, आणि दोर-बेल्ट बांधलेला शिकलेला माणूस लागतो. जमिनीवरून हात पोचेल आणि मशीन खांद्याच्या खाली राहील तेवढंच या मशीनचं काम. बारच्या टोकाचा वरचा अर्धा भाग लाकडाला लागू द्यायचा नाही, किकबॅक (बार झटक्याने उसळून अंगावर येणं) तिथूनच येतो, आणि चेन ब्रेक रोज सकाळी तपासायचा. हेल्मेट-जाळी, कानाचे मफ, बूट, आणि पायाला चॅप्स, म्हणजे पँटवरून बांधायचं संरक्षक आवरण. चॅप्सच्या आतले लांब धागे चेनमध्ये अडकून स्प्रॉकेट थांबवतात, म्हणून साधी जाड पँट त्याच्या जागी चालत नाही. गड्यालाही हे सगळं तुम्हीच घेऊन द्या.

जाड फांदी कापताना तीन कट. खोडापासून हातभर लांब, आधी खालून एक तृतीयांश, मग थोडं बाहेर सरकून वरून, फांदी पडली की मग राहिलेला खुंट गळ्याशी (फांदी खोडाला मिळते तिथल्या फुगीर भागाशी) स्वच्छ कापा. एकदम वरून कापलं तर साल खोडापर्यंत फाटत जाते आणि ते झाड वर्षानुवर्षं सोसतं. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लगेच, दुसऱ्या दिवशी नाही. आणि एखादं झाड पूर्ण पाडायचं ठरलंच तर आधी वनखात्याची परवानगी, १९६४ च्या झाडे तोडण्याच्या कायद्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, साग, खैर हे सगळे आहेत, स्वतःच्या जागेतलं असलं तरी.

प्रश्न : पावसाळ्यात चार महिने मशीन पडून असतं. गेल्या वर्षी ऑक्टोबरात चालूच होईना. (खेड)

उत्तर : टाकीत पेट्रोल राहिलं असणार. इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढतं, पाणी जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि टाकीतला फिल्टर वजनाने तळाशीच असतो. म्हणजे इंजिनाला मिळतं ते तळातलं पाणी, आणि ऑइल राहतं वर पेट्रोलबरोबर. अशा मिश्रणावर मशीन चालू झालं नाही हे तुमचं नशीब, चालू झालं असतं तर पिस्टन गेला असता. शंका असेल तेव्हा मिश्रण काचेच्या बाटलीत दहा मिनिटं ठेवून उजेडात बघा, मध्ये रेघ दिसली की फेका.

जूनच्या पहिल्या आठवड्यात टाकी रिकामी करा, मग मशीन चालू करून स्लोवर आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या म्हणजे कार्ब्युरेटरही कोरडा होतो, नाहीतर आतला पडदा कडक होतो, तुमचं बहुतेक तेच झालंय, पडद्याचं किट बदलून घ्या. बार-चेन काढून खाच साफ करा, दोन्हींना ऑइल फासा, खारी हवा पहिल्यांदा चेनच खाते. बार परत लावताना उलटा करून लावा म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. आणि ऑक्टोबरात महिन्याभरात संपेल तेवढंच ताजं मिश्रण करा, जुना डबा कितीही भरलेला असला तरी.